वाचकांचे प्रश्न : नेटबीन्ससाठी सर्व्हर प्लगइन

प्रश्न : आमच्या गटाने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी जावामध्ये एक लहान सर्व्हर लिहिला आहे. तो नेटबीन्स या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनातूनच चालू-बंद करता यावा यासाठी प्लगइन (त्या साधनाला जोडायचा पूरक भाग) करायचे आहे आणि त्याचे मराठी ट्यूटोरियलही लिहायचे आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : आधी सर्व्हर चालू करणे, थांबवणे आणि त्याची स्थिती ओळखणे एवढेच करणारे प्लगइन लिहा, सर्व्हरवर ॲप्लिकेशन चढवण्याचा भाग नंतर घ्या. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले नेटबीन्स आज अपाची फाउंडेशनकडे आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि त्यातच टॉमकॅट या जावा सर्व्हरचे प्लगइनही आहे. ते आधी वाचून काढावे, कोणत्याही पुस्तकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

खरी अडचण स्थिती ओळखण्यात आहे. सर्व्हरची प्रोसेस जिवंत आहे किंवा पोर्ट (सर्व्हर ज्यावर विनंत्या ऐकतो तो क्रमांक) उघडले आहे, एवढ्यावरून सर्व्हर तयार झाला असे मानू नये. टॉमकॅट नेहमीच्या मांडणीत ८०८० हे पोर्ट आधी ताब्यात घेतो आणि ॲप्लिकेशने त्यानंतर चढवतो; त्यामुळे मधल्या काळात जोडणी होते, पण उत्तर येत नाही. म्हणून प्लगइनने एखाद्या ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवून प्रत्यक्ष उत्तराची वाट पाहावी आणि ठरावीक वेळेत ते न आल्यास तसे स्पष्ट सांगावे. तसेच ‘चालू’ ही नोंद फाइलमध्ये जपून तिच्यावर विसंबू नये. पावसाळ्यात वीज कशी जाते हे फोंडेकरांना वेगळे सांगायला नको, आणि वीज परत आल्यावर ती नोंद खोटी ठरलेली असते.

मॉड्यूल प्रकल्प, म्हणजे तुमच्या प्लगइनचा प्रकल्प, चालवला की नेटबीन्सची दुसरी प्रत स्वतंत्र यूजर डिरेक्टरीसह (वापरणाऱ्याची मांडणी जपणाऱ्या फोल्डरसह) उघडते, त्यामुळे तुमच्या रोजच्या मांडणीला धक्का लागत नाही. ट्यूटोरियल तपासतानाही ‘--यूजरडिर’ (--userdir) हा पर्याय देऊन कोरी डिरेक्टरी घ्यावी आणि आपण लिहिलेली पायरी न् पायरी दुसऱ्या कोणाला तरी करायला लावावी. लेखकाच्या संगणकावर आधीपासून असलेली एखादी जोडणी लिहायची राहून गेली असेल, तर ती येथेच उघडकीस येते.

प्रश्न : जुन्या ट्यूटोरियलप्रमाणे लिहिलेले सर्व्हलेट (सर्व्हरवर चालून विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्राम) टॉमकॅट १० वर चढते, पण पानाऐवजी ४०४ (पान सापडले नाही) दिसते. चूक प्लगइनची असेल का?
– एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : बहुधा नाही. टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटचे पॅकेज ‘जावाएक्स’ने (javax) सुरू होत असे, १० पासून ते ‘जकार्ता’ने (jakarta) सुरू होते, जुन्या नावाचे सर्व्हलेट नवा सर्व्हर ओळखतच नाही. इम्पोर्ट आणि प्रकल्पातील अवलंबित लायब्ररी, दोन्ही बदलून प्रकल्प पुन्हा बांधावा, नाहीतर त्या धड्यापुरता टॉमकॅट ९ वापरावा. ट्यूटोरियल लिहिणाऱ्याने जावा, नेटबीन्स आणि सर्व्हर या तिन्हींच्या आवृत्त्या पहिल्याच परिच्छेदात दिल्या असत्या, तर आपला त्रास वाचला असता.