जंपर काढला आणि आवाज गेला

प्रश्न: भंगारातून उचललेला जुना पीसी नीट करतोय, पुढच्या हेडफोनच्या वायरी लावायला बोर्डावरचे दोन जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) काढले तर मागच्या स्पीकरचा आवाजच गेला, बोर्ड उडाला का?

उत्तर: नाही हो, बोर्ड ठीक असणार! जुन्या एसी ९७ (आवाजाची जुनी पद्धत) बोर्डात मागचा आवाज पुढच्या जॅकमधून फिरून येतो, म्हणून पुढच्या ऑडिओच्या पिनांपैकी ५-६ आणि ९-१० वर जंपर असतात, ते परत बसवा की आवाज आला. पुढचा जॅक हवाच असेल तर आऊटच्या (आवाज पुढे नेणाऱ्या) वायरी ५ आणि ९ ला, रिटर्नच्या (तो परत आणणाऱ्या) ६ आणि १० ला, आणि कॅबिनेटला रिटर्न वायरीच नसतील (स्वस्तातल्यांना बऱ्याचदा नसतात) तर सरळ नाद सोडा. ८ नंबरची पिन नसतेच, त्यावरून मोजा. आणि हो, आधी पॉवरची वायर काढा.