मेलबर्नला व्हिएतनामी ज्येष्ठांसोबत काम करायला येताय, तर

तुमचं एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालंय, इथल्या ज्येष्ठ स्थलांतरितांसाठीच्या कामाची ऑफर आहे, आणि त्यांत व्हिएतनामी बरेच आहेत. तुम्ही विचारलंय की इतक्या वर्षांनंतरही त्यांना युद्धाचा त्रास होतो का, आणि मराठी माणसाचा तिथे काय उपयोग. मी मेलबर्नच्या स्प्रिंगवेल उपनगरात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. युद्ध म्हणजे व्हिएतनाम युद्ध. १९७५ मध्ये ते कम्युनिस्ट उत्तरेनं जिंकलं, आणि त्यानंतर दक्षिणेतले बरेच जण बोटींतून देश सोडून पळाले.

त्रास बहुतेकांना नाही, काहींना मात्र खोलवर आहे. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या १,१६१ व्हिएतनामी प्रौढांचा अभ्यास छापून आला. त्यांना इथे येऊन सरासरी अकरा वर्षं झाली होती. वर्षं सरली तसा मानसिक आजाराचा धोका कमी होत गेलेला दिसला. पण ज्यांनी तीनपेक्षा जास्त भयंकर प्रसंग भोगले होते, त्यांचा धोका दहा वर्षांनंतरही जास्तच होता. प्रसंग म्हणजे काय, तर १९७५ नंतर नव्या सरकारनं दक्षिणेतल्या लोकांना डांबलं त्या 'पुनर्शिक्षण' छावण्यांतली कैद, थायलंडच्या आखातातले चाचे, डोळ्यांदेखत बुडालेलं माणूस.

तरीही पहिल्या भेटीत हे विचारू नका. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मॉर्टन बायझर यांनी आग्नेय आशियातल्या तेराशेहून अधिक निर्वासितांचा दहा वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीच्या काळात जे मागे वळून पाहत नव्हते, ते नैराश्यापासून जास्त सुरक्षित राहिले. आठवणी पुढे, आयुष्य स्थिरावल्यावर वर आल्या. म्हणून माणूस गप्प असेल, तर त्या गप्प राहण्यानंच त्याला तारलं असेल, हे धरून चला. झोप कशी लागते, जेवायला सोबत कोण असतं, इंग्रजीतलं कुठलं पत्र येऊन पडलंय, इथून सुरुवात करा. मन खचलंय असं सहसा कुणी म्हणत नाही. डोकं दुखतं, छाती भरून येते, झोप नाही, असं सांगतात. पाठीवर तांबडे पट्टे दिसले तर दचकू नका. तेल लावून नाण्यानं घासण्याचा तो घरगुती उपाय आहे. पूर्वी परदेशांतल्या दवाखान्यांत तो मारहाणीचा संशय घेण्याइतका गैरसमजाचा विषय झाला होता.

दुभाष्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. नातवंडांना दुभाषी करू नका. आजीनं बोटीतलं जे आयुष्यभर मुलांपासून लपवलं, ते नातवाच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे. आणि दुभाषी कोणता हवा, हे आधी विचारा. दक्षिणेतून पळून आलेल्या माणसाला उत्तरेकडचा उच्चार कानी पडला की कधी कधी तो तिथेच मिटतो.

झेंड्याचंही तसंच. इथला समाज पिवळ्या कापडावर तीन लाल पट्टे असलेला दक्षिण व्हिएतनामचा जुना झेंडा लावतो. केंद्रातल्या पोस्टरवर चुकूनही पिवळा तारा असलेला लाल झेंडा, म्हणजे आजच्या व्हिएतनामचा झेंडा, छापू नका. २००३ मध्ये एसबीएस या इथल्या बहुभाषिक सार्वजनिक वाहिनीनं व्हिएतनामच्या राजधानीतल्या, हनोईच्या सरकारी वाहिनीच्या बातम्या दाखवायला सुरुवात केली, तेव्हा हजारो लोक निदर्शनांना उतरले आणि त्या बातम्या बंद कराव्या लागल्या. ३० एप्रिल, म्हणजे १९७५ मध्ये दक्षिणेची राजधानी सायगाव पडली तो दिवस, त्यांच्यासाठी शोकाचा आहे. त्या आठवड्यात सहल ठेवू नका.

आता ही पिढी वृद्धाश्रमात जाऊ लागली आहे, आणि मला खरी काळजी तिथली वाटते. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. कारखान्यात तीस वर्षं इंग्रजीत निभावलेला माणूस नर्सला पाणीसुद्धा मागू शकत नाही. आणि रात्रीचे दिवे, कुलूपबंद दार, रांगेत वाढलेलं जेवण यांनी एखाद्याला पुन्हा छावणीत असल्यासारखं वाटू शकतं. अशा वेळी औषध वाढवण्याआधी खोलीत पूर्वजांचं छोटं देवघर मांडता येतं का, सकाळी भाताची पेज मिळते का, ते बघा. मी हे करून पाहिलंय, फरक पडतो.

तुमचा उपयोग आहे. घरात तीन पिढ्या, वडीलधाऱ्यांचा मान, पितरांचं करणं हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. फक्त 'मलाही घराची आठवण येते' असं त्यांना म्हणू नका. आपल्याला पुण्याचं तिकीट काढता येतं, त्यांतल्या अनेकांना कित्येक वर्षं परतीची वाटच नव्हती.

होकार कळवण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: दुभाष्यासाठी पैसे वेगळे ठेवलेत का, घरी जाऊन भेटायला वेळ देतात का, आणि अशा गोष्टी दिवसभर ऐकल्यावर तुम्ही कुणाशी बोलायचं. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी जागा शोधा. शोधायला मी मदत करेन.