बोजोलेची रेड वाइन कशाबरोबर घ्यावी?

तुमच्या भावाने फ्रान्सहून आणलेल्या बाटलीवर 'बोजोले' नाही, 'मोर्गों' लिहिलंय, म्हणून तुम्ही गोंधळलात. ती बोजोलेच आहे. ल्यों शहराच्या उत्तरेला हा प्रदेश आहे, तिथल्या दहा नावाजलेल्या गावशिवारांच्या वाइनला आपापलं नाव लावतात. मोर्गों त्यातलं एक. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जी कोवळी 'बोजोले नुव्हो' बाजारात येते, ती लवकर संपवायची असते. मोर्गों मात्र पाच-सहा वर्षं सहज टिकते, त्यामुळे घाई करू नका.

मटणाच्या झणझणीत रश्श्याबरोबर चालेल का, असं विचारलंत. मी तरी उघडणार नाही. द्राक्ष आहे गामे. अख्खे घोस बंद टाकीत भरतात, खालची द्राक्षं वजनाने फुटून आंबू लागतात आणि त्यातून निघणाऱ्या वायूत वरची द्राक्षं आतूनच आंबायला सुरुवात करतात. त्यामुळे सालीचा तुरटपणा फार उतरत नाही, चेरी-रासबेरीसारखा फळांचा वास मात्र भरपूर येतो. तिखटाने तो वासच झाकला जातो आणि तोंडात नुसती आंबट जळजळ राहते.

कामानिमित्त मी दोन वर्षं ल्योंमध्ये होतो. तिथल्या 'बुशों' म्हणतात त्या छोट्या खानावळींत बोजोले ४६ सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीत, 'पो'मध्ये येते. सोबत डुकराच्या मांसाचं गरम सॉसेज आणि उकडलेले बटाटे, कोंबडीच्या काळजाचा केक, मसुरीची कोशिंबीर. सगळं स्निग्ध, मीठ-मिरी एवढंच. पहिल्यांदा मला ते जेवण जड वाटलं होतं. मग एक घोट घेतला आणि वाइनचा आंबटपणा ती चरबी कशी कापतो ते कळलं. आपण तेलकट जेवणावर सोलकढी का घेतो, तेच इथे.

घरी करायचं असेल तर लोणी, लसूण आणि थाइम लावून अख्खी कोंबडी भाजा, शेजारी लोण्यात परतलेली मशरूम ठेवा. शाकाहारी पाहुण्यांना मसुरीची कोशिंबीर करा: उकडलेली मसूर, बारीक कांदा, मोहरीची चटणी, व्हिनेगर. शेवटी 'सेर्वेल द कान्यू', म्हणजे 'रेशीम विणकराचा मेंदू'. नाव तसं असलं तरी हे ताजं दह्यासारखं चीज आहे, त्यात कांदापात, छोटा कांदा, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल घालतात. चक्क्यापासून छान होतं.

गामेला एके काळी फार वाईट दिवस होते. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्डने या वेलीला 'बेइमान' ठरवून आपल्या प्रदेशातून उपटायचा हुकूम काढला, कारण त्याला पिनो न्वार ही दुसरी द्राक्षाची जात हवी होती. दक्षिणेकडे बोजोलेतल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ती रुजली. मोर्गोंची वाइन चाखताना मला तो हुकूम नेहमी आठवतो आणि त्या टेकड्यांवरच्या शेतकऱ्यांबद्दल मनापासून आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र चुकवू नका: रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हे युरोपातल्या थंड खोल्यांपुरतं खरं. पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, १४ अंशांच्या आसपास आली की उघडा. उरली तर बूच लावून परत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ऑम्लेटबरोबर उत्तम लागते.