दिलासा देणारं शिल्प

चि. पोरी,
अ. उ. आ.

तुझा अनुवाद वाचला, सोबतची चिठ्ठीही. ‘हे काम मला जमेलसं वाटत नाही, सोडून देऊ का?’ याचं उत्तर मी देणार नाही, ते तुझं तू ठरव. मला बोलायचंय ते पान चारवरच्या एका वाक्याबद्दल. देवळाच्या भिंतीवरच्या ‘लो रिलीफ’मधल्या शिल्पाचं तू ‘कमी दिलासा देणारं शिल्प’ केलंस. आधी हसलो. मग राग आला, कारण तू शब्द शोधला होतास. शोधलास, पहिला अर्थ दिसला आणि थांबलीस.

पहिल्या अर्थावर थांबायचं नसतं गं.

आमच्या शाळेत डिक्शनरी एकच. वीरकरांची, खाकी कव्हर घातलेली, कपाटात कुलपाआड. किल्ली इंग्रजीच्या सरांच्या खिशात. शेवटची पानं गळालेली, त्यामुळे डब्ल्यूच्या मध्यापासून पुढच्या शब्दांना आमच्या वर्गात अर्थच नव्हता. (वाय आणि झेडला मी अजून बिचकतो.) आठवीत ‘होल्ड फास्ट टू द रोप’चं मी ‘दोर पटकन धर’ केलं. सर म्हणाले, ‘आणि पटकन सोड. जा विहिरीत.’ मग कपाटापाशी पाठवलं. नोंद मोठ्यानं वाचायची, शेवटपर्यंत. जलद. घट्ट. पक्का, न विटणारा, रंगाबद्दल. उपवास. ‘उपवास’ला वर्ग खिदळला, सर नाही. शब्दाखाली बोट ठेवून एकेक अर्थ वाक्यात घालून बघायला लावला. घामेजल्या बोटाचा डाग त्या पानावर उमटला, तो शाळा सोडेपर्यंत तिथेच होता.

फोन आहे की, म्हणशील. फोनला मी नावं ठेवत नाही. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश, साठेक हजार शब्दांचा, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मीही तिथेच बघतो, जाड पुस्तक आता मांडीवर पेलत नाही. पण बरीचशी ॲपं वर एक अर्थ ठळक दाखवतात आणि बाकीचे खाली लपवतात. तेवढं खाली सरकायला काय होतं? आपलाच ‘उठाव’ घे. शिपायांचा उठाव असतो, बाजारात मालाला उठाव असतो आणि दगडात कोरलेल्या आकृतीलाही उठाव असतो. ‘रिलीफ’साठी तुला तो तिसरा हवा होता. पहिल्यावर थांबणाऱ्याला तो कुठून भेटणार?

इतकं तोंड सोडतोय, कारण मी स्वतः थांबलो होतो. तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासायचो. वेदान्तावरचा एक लेख आला, त्यात ‘अपरोक्ष ज्ञान’. मला ‘माझ्या अपरोक्ष’ एवढंच ठाऊक, म्हणजे मी नसताना, पाठीमागे. लेखकाला तर साक्षात होणारं ज्ञान म्हणायचं होतं. म्हटलं, म्हातारबुवा चुकले. लाल शाईनं ‘अ’ उडवला आणि ‘परोक्ष ज्ञान’ छापून निघालं. संस्कृतात परोक्ष म्हणजे डोळ्यांआडचं आणि अपरोक्ष म्हणजे समोरचं, प्रत्यक्ष. एका अक्षरानं लेख उताणा पडला.

आता, रात्रपाळी होती. फॉर्मा सकाळी यंत्रावर चढायचा होता. आणि अर्धा महाराष्ट्र तो शब्द उलटाच वापरतो, यात माझा काय दोष? पण दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सातही विभाग माझ्या पाठीमागच्या फळीवर होते. हात लांब केला असता तर ‘अ’चा पहिलाच विभाग हाती आला असता. कोश अडलेल्या शब्दासाठी असतो, असं मी समजत होतो. तो शब्द मला अडला नव्हता, हीच तर गोची. येत असलेल्या शब्दासाठीही उठावं लागतं. तुलाही ‘रिलीफ’ येतच होता.

लेखक आले. रागावले नाहीत, रागावले असते तर सुटलो असतो. समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी नुसतं विचारलं, ‘प्रती किती आहेत?’ तीनशे होत्या. त्यांनी खिशातलं पेन काढलं, दुसरं मी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी प्रत्येक प्रतीत त्या जागी हातानं ‘अ’ लिहिला.

पान चार नीट करून पाठव. पुढची पानं मी अजून उघडलेली नाहीत.