काशीतली देवळं जुनी की नवी?

प्रश्न: आईला घेऊन काशीला जायचंय. सगळे म्हणतात काशी हजारो वर्षं जुनी, पण वाचायला घेतलं तर विश्वनाथाचं देऊळ 1780 चं निघालं! मग तिथे जुनं काय आहे? आणि आपल्या मराठी माणसांचं काही बघण्यासारखं आहे का? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर: ताई, क्षेत्र जुनं आहे, देवळं बहुतेक नवी आहेत. राजघाटच्या उत्खननात इसवी सनाच्याही कितीतरी शतकं आधीची वस्ती सापडलीय, पण देवळं पुन्हा पुन्हा पाडली गेली आणि लोकांनी ती पुन्हा पुन्हा बांधली. अकबराच्या काळात विश्वनाथाचं देऊळ उभं राहिलं त्यामागे नारायण भट्ट होते, मूळ पैठणच्या घराण्यातले, ह्याच घराण्यातले गागाभट्ट पुढे 1674 ला राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. ते देऊळ औरंगजेबाने 1669 मध्ये पाडलं आणि मग शंभरावर वर्षांनी अहिल्याबाई होळकरांनी आत्ताचं देऊळ बांधलं, मूळ जागेला लागूनच. कळसाचं सोनं नंतरचं, ते महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. मला तर वाटतं काशीचं खरं मोठेपण ह्या पुन्हा बांधण्यातच आहे, त्यामुळे 1780 वाचून अजिबात हिरमुसू नका.

मराठी माणसांचं म्हणाल तर घाटांची नावंच बघा ना, अहिल्याबाई घाट, भोसले घाट, सिंधिया घाट. सिंधिया घाटाशी पाण्यात कललेलं रत्नेश्वराचं देऊळ आहे ते चुकवू नका. ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1828 मध्ये बांधून घेतला. एकनाथांनी भागवत काशीतच पूर्ण केलं, 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला. आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई जन्मली तीही काशीतच, अस्सी घाटाजवळ भदैनीत तिचं स्मारक आहे.

आईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर घाट पायी करू नका, पायऱ्या खूप उंच आहेत, सकाळी लवकर अस्सीहून नाव करा आणि पंचगंगा घाटापर्यंत जा, वर सांगितलेले सगळे घाट वाटेतच लागतात. पावसाळ्यात मात्र गंगेला पूर असला की नावा बंद ठेवतात आणि घाटही पाण्याखाली जातात, म्हणून दिवाळीनंतरचं तिकीट काढा.