मुलाखतीचा पोशाख आणि ‘आपण लायक नाही’ ही धास्ती

तुम्ही लिहिले आहे की, अंतिम वर्षापर्यंत उत्तम गुण मिळवूनही मुलाखतीसाठी ब्लेझर चढवला की आपण सोंग आणले आहे असे वाटते आणि ते उघडे पडेल या भीतीने येत असलेली उत्तरेही अडखळतात. तेव्हा अधिक महागडे कपडे घेतल्यास आत्मविश्वास वाढेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते, त्यासाठी खर्च करू नये.

पोशाखाचा मनावर परिणाम होतच नाही, असे मी म्हणणार नाही. हाजो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांच्या २०१२ मधील अभ्यासात, पांढरा कोट डॉक्टरांचा म्हणून घातलेल्यांनी, तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून घातलेल्यांपेक्षा बारकाईने लक्ष देण्याच्या कसोटीत सरस कामगिरी केली होती. मात्र त्याच अभ्यासातील एक प्रयोग २०१९ मध्ये पुन्हा केला असता अपेक्षित परिणाम दिसला नाही.

तुमची अडचण मुळात वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये ‘इम्पोस्टर’ (तोतया) भावनेचे, म्हणजे लायक नसतानाही आपण इथवर आलो असे वाटण्याचे, वर्णन केले, तेव्हा कर्तबगार स्त्रिया आपल्या यशाचे श्रेय नशिबाला किंवा इतरांच्या गैरसमजाला देतात, हे त्यांनी नोंदवले होते. (हे आजाराचे निदान नव्हे, ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्द नंतर रुळला.) ज्याला स्वतःचे श्रेय घेताच येत नाही, त्याची मुलाखत भारी सुटात यशस्वी झाली, तर तो म्हणेल की सुटामुळे निभावले, म्हणजे नशिबाच्या जोडीला श्रेयाचा आणखी एक वाटेकरी तयार होईल आणि पुढच्या वेळी त्या सुटावाचून पाऊल उचलणेही जड जाईल.

म्हणून नीटनेटके, अंगाला बसणारे आणि त्या क्षेत्रात चालणारे कपडे निवडा, तेच घालून दोन-तीन सराव मुलाखती द्या आणि खांदा आवळत असेल किंवा कॉलरकडे सारखा हात जात असेल, तर ते बदला. लोकांच्या नजरेची चिंताही थोडी सैल करा: थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० मधील प्रयोगात, अवघडल्यासारखे वाटेल असा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांना खोलीतील जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असेल असे वाटले, प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांच्याच तो लक्षात आला होता.

श्रेयाचे काम मात्र कागदावरच करावे लागेल. प्रत्येक प्रकल्पासमोर तुम्ही स्वतः घेतलेला निर्णय आणि त्यातून झालेला बदल एकेका वाक्यात लिहा, आणि ती वाक्ये सराव मुलाखतीत ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ वापरून मोठ्याने म्हणा.