पहिल्या लेन्स घेताना

चष्म्याचा नंबर दाखवून थेट कॉन्टॅक्ट लेन्स मागू नकोस गं. नंबर ४ च्या पुढे असेल तर लेन्सचा वेगळा निघतो, शिवाय कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, गोलाई मोजावी लागते. सिलिंड्रिकल नंबर (चिठ्ठीवरचा CYL) असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स लागते. साधी घेतलीस तर अक्षरं पुसटच दिसणार.

तू रोज ठाण्याहून लोकलने जाणार, दिवसभर एसीत बसणार. डोळे कोरडे पडतात, म्हणून सिलिकॉन हायड्रोजेल या मटेरियलची बघ, त्यातून ऑक्सिजन जास्त जातो. सुरुवातीला मी तर डेलीच सांगेन: रात्री काढली, टाकली. महाग पडतात, खरंय. पण घोडबंदर रोडची धूळ खाल्लेली लेन्स धुवायची कटकट नाही. मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस, ३० वेळा नव्हे! मी हाच हिशेब चुकवला आणि आठवडाभर लाल डोळे घेऊन फिरले.

घालण्याआधी लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बघ. वाटीसारखी दिसली तर सुलट, कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. नळाचं पाणी मात्र कध्धी लावू नकोस. त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, तो कॉर्निया पोखरतो. लेन्स ठेवायची डबी दर ३ महिन्यांनी बदल. आणि पर्समध्ये चष्मा असू दे.